सांडव्यावरची निलाजरी

सांडव्याचा आवाज येत नव्हता, म्हणून बायनाबाईला जाग आली.

उत्तरा नक्षत्राचा पाऊस धरला होता तो सुटायचं नाव घेत नव्हता. असल्या पावसात तळं भरलं की पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, उगवतीकडच्या दगडी सांडव्यावरून पाणी खाली ओढ्यात उडी घेई. त्याचा धडधडाट तळेवडगावच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाई. भोयांची, म्हणजे बायनाबाईच्या मासेमार लोकांची, घरं तर सांडव्याला लागूनच. तो आवाज असला की त्यांना गाढ झोप लागे. आता दिवस उगवायच्या बेताला पाऊस छपरावर ताडताड वाजत होता आणि सांडवा मात्र गप्प होता.

तिनं मुंजाजीच्या कपाळाला हात लावला. हिवतापानं नवरा तव्यासारखा तापला होता.

"काय गं?" त्यानं डोळे न उघडताच विचारलं.

"सांडवा बोलंना झालाय."

मुंजाजीनं डोळे उघडले. थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "निलाजरी आडली आसंल. वारं रातभर मावळतीचं व्हतं."

पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन ती बाहेर पडली.

निलाजरी हे नाव गावानं दिलेलं. पहिल्यांदा तिला सगळे 'बंगल्याचं फूल' म्हणत. गावचे वतनदार आबासाहेब देशमुख यांचा बंगला तळ्याच्या मावळतीच्या टोकाला होता, त्याला लागूनच संत्र्याची बाग. मोठी लढाई सुरू झाली त्या साली त्यांनी हैदराबादेहून कुण्या नवाबाच्या हौदातली चार रोपं आणून तळ्यात सोडली. पाण्यावर तरंगणारी, फुगीर देठांची, आणि फुलं अशी जांभळी की बघत राहावं. वरच्या पाकळीवर मोराच्या पिसाऱ्यातला डोळा असावा तसा पिवळा ठिपका. बायांनी ती वेणीत माळली. दुसऱ्या वर्षी बंगल्यापुढचं पाणी दिसेनासं झालं. तिसऱ्या वर्षी घाट झाकला गेला. त्याच्याखाली भोयांच्या शिंगाड्याचे वेल गुदमरून कुजले, मासळी उलटी होऊन वर आली, डास माजले, घरोघर हिवताप शिरला. उपटून काठावर फेकलं तरी ती चिखलात मूळ धरी आणि पहिल्या पाण्याला परत तळ्यात उतरे. मग तिला निलाजरी नाही तर काय म्हणायचं?

गेल्या उन्हाळ्यात बायनाबाई आणि मुंजाजीनं आपल्या शिंगाड्याच्या जागेपुरती ती काढायला घेतली होती. आबासाहेबांना ते विचारल्यावाचून केलेलं काम खपलं नाही. "तळं आमचं, पाणी आमचं, पाण्यावरचं फूलही आमचंच," ते म्हणाले. "काढायचं का ठेवायचं ते आम्ही ठरवू." त्यांनी भुजंगला पाठवलं. भुजंग हा त्यांचा हवालदार. बंगल्याचा पहारा आणि बागेची राखण त्याच्याकडे होती, आणि गावात ज्याला दटावायचं त्याला दटावायलाही तोच जाई. त्यानं मुंजाजीच्या पाठीत दोन काठ्या घातल्या आणि वाळल्या भोपळ्यांची सांगड, जिच्यावर पालथं पडून भोई खोल पाण्यात जात, ती दगडावर आपटून फोडली. बायनाबाई तिथंच उभी होती. भोपळे फुटल्याचा तो पोकळ आवाज तिच्या कानातून गेला नव्हता.

ती सांडव्यापाशी पोचली.

सगळ्या तळ्यावरची निलाजरी वाऱ्यानं ढकलत आणून सांडव्याच्या तोंडात कोंबली होती. एकावर एक थर दाबून माणूसभर जाड गादी झाली होती. तिच्यावर मागंच रुजलेलं गवत होतं, बोरीचं एक लहान झुडूप होतं, आणि एक बगळा जमिनीवर चालावं तसा तिच्यावरून चालत होता. सांडव्याच्या दगडांवरून फक्त बोटभर धारा गळत होत्या. आणि पाळीवर, जिथं एरवी पाण्याला हात लावायचा तर चांगलं खाली उतरावं लागे, तिथं पाणी काठाला लागायला वीतभरच उरलं होतं.

पाळीच्या खाली सगळं गाव होतं.

ती धावत मारुतीच्या पारावर गेली आणि घंटा बडवायला लागली.

माणसं जमली ती पाळीकडेच धावली. बायकांनी लेकरं, शेळ्या आणि पिठाचे डबे घेऊन महादेवाच्या टेकडीची वाट धरली. कुणीतरी पाथरीला तहसिलीत खबर द्यायला घोडं काढलं, पण काळ्या रानातल्या चिखलात घोडं पोटापर्यंत रुतलं आणि पुढं वाटेतला दुसरा ओढा दुथडी होता. स्वार परत आला.

"पाळ फोडावी लागंल," बन्सीधर म्हणाला. हा तरणाबांड शेतकरी. त्याचं घर आणि कापूस दोन्ही पाळीखाली. "बागेच्या अंगानं फोडली तर पानी गावावर येत न्हाई. सरळ रानातून नदीला जातंय."

"आन् बाग?" एक म्हातारा म्हणाला.

"बागंला माणसाचा जीव हाय का?"

पंधरा-वीस गडी कुदळी-फावडी घेऊन मावळतीच्या टोकाकडे निघाले. बायनाबाई त्यांच्या मागं गेली. तिला ठाऊक होतं, बन्सीधरलाही ठाऊक होतं, की पाळीला एकदा तोंड पाडलं की पाणी ते तोंड आपल्या मर्जीनं रुंद करत जाणार. उन्हाळ्यात गुरांनी काय प्यायचं, विहिरींना पाझर कुठून यायचा, हे सगळं तळ्याबरोबर वाहून जाणार. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

बागेच्या कोपऱ्यावर भुजंग आणि त्याचे गडी काठ्या घेऊन उभे होते. त्यांच्या मागं छत्रीखाली आबासाहेब. एकाच्या हातात ठासणीची बंदूक होती.

"एक कुदळ पाळीला लागली तर खबरदार," आबासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो जास्तच टोचला. "ही पाळ आमच्या पणज्यानं बांधलीय. शंभर पावसाळे बघितलेत तिनं."

"तुमच्या पणज्यानं निलाजरी न्हवती आनली, सरकार," बन्सीधर म्हणाला.

भुजंगनं काठी आडवी धरली. बन्सीधरच्या मागून कुणीतरी शिवी हासडली. दोन्हीकडची माणसं एक-एक पाऊल पुढं सरकली. बंदूकवाल्यानं बंदुकीवरचं पोतं काढलं. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडत होता.

तेवढ्यात पाळीखालून एका बाईची हाक आली, "आरं, पायथ्याचं पानी बघा! पानी गढूळ झालं!"

पाळीच्या पायथ्याशी सकाळपासून पाझर सुटला होता. आत्तापर्यंत तो नितळ होता. आता त्यात लाल माती उतरली होती. पाळ आतून खंगायला लागली होती. म्हणजे पाणी वरून जायच्या आधीच ती फुटणार होती.

बायनाबाई दोन्ही जथ्यांच्या मधे जाऊन उभी राहिली. आपण काय करतोय हे तिचं तिलाही नीट उमगलं नव्हतं.

"भुजंगदादा," ती म्हणाली, "धुरपतामाय कुठं हाय?"

भुजंग गोंधळला. धुरपताबाई त्याची म्हातारी आई. दोन वर्षांपासून तिला चालता येत नव्हतं. "घरी," तो म्हणाला.

"पाळीच्या पायथ्याला पयलं घर तुमचं हाय."

सकाळपासून बंगल्यावरच्या पहाऱ्यात हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"म्या सांडव्यावर उतरते," बायनाबाई म्हणाली. "निलाजरी कापून मोकळी करते. मला मोटंचे दोन नाडे पायजेत. येक ह्या काठानं, येक त्या काठानं. येकाच बाजूनं धरलं तर ती सुटल्यावर म्या दगडावर आपटंन. दोन्ही बाजूला धा-धा गडी लागतेत. हितं भांडत बसलात तर धरायचं कोनी?"

"तू कामून?" बन्सीधर म्हणाला. "गडी मेलेत का?"

"भोयांचे गडी गोदावरीच्या मासळीला गेलेत आन् माव्हा घरधनी आंथरुनाला हाय. तुमच्यातल्या कोनाला खोल पान्यात जाता येतंय? आन् तुमच्या वजनानं ती गादी खचतीय. म्या हलकी हाय."

बन्सीधरनं तिला बाजूला ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बायनाबाई, ज्यानं तुमची सांगड फोडली त्येच्या हातात नाडा देती का?"

"त्येची माय खाली हाय," ती म्हणाली. "तुझ्यापरीस घट धरंल."

भुजंगनं ते ऐकलं. त्यानं वळून आबासाहेबांकडे बघितलं.

"भुजंग, जागा सोडायची नाही," आबासाहेब म्हणाले.

भुजंगनं काठी हळूच चिखलात ठेवली. फेकली नाही. "मालक, माय हाय खाली," एवढंच तो म्हणाला आणि उतार धरून पळत सुटला. त्याच्या मागं एक गडी गेला, मग दुसरा, मग बंदूकवालाही बंदूक झाडाला टेकवून निघाला.

"आणि मागं यांनी पाळ फोडली तर?" आबासाहेब कुणाला उद्देशून बोलले कुणास ठाऊक. त्यांच्या जवळ आता कुणीच नव्हतं.

बन्सीधर मागं वळला. मग त्यानं आपली कुदळ त्यांच्या पायापाशी टाकली. "ह्ये घ्या. आमची हत्यारं तुमच्यापाशी." बाकीच्यांनीही कुदळी-फावडी तिथंच टाकली आणि सगळे सांडव्याकडे धावले.

भुजंग आईला पाठुंगळी घेऊन टेकडीवर पोचवून आला. येताना त्यानं आपल्या घराचं एक कवाड चौकटीतून उखडून आणलं.

"सांगड न्हाई," तो बायनाबाईकडे न बघता म्हणाला. "ह्येच्यावर पालथं पडा."

तिनं मान हलवली.

बन्सीधरनं तिच्या कमरेला गोधडीची घडी गुंडाळून त्यावर दोन्ही नाडे, मोटेचे जाड दोर, बांधले. कोयता तिनं चामड्याच्या वादीनं मनगटाला अडकवला. उगवतीच्या काठावर भुजंगचे गडी, अलीकडच्या काठावर बन्सीधरचे. कवाड गादीवर सरकवलं आणि ती त्याच्यावर पालथी झाली. खाली सगळं हललं. पाण्यावर नव्हे, एखाद्या जनावराच्या पाठीवर झोपल्यासारखं.

सांडव्याच्या ओठापासून तिनं सुरुवात केली. देठ भराभर कापले जात, पण त्यांच्याखालची मुळं केसांच्या जटेसारखी एकमेकांत गुंतली होती. कोयता त्यात अडके, ओढून काढावा लागे. पावसापासून जीव वाचवायला गादीवर चढलेल्या लाल मुंग्यांचे गोळेच्या गोळे तिच्या हातावर फुटले. एक विरोळा, पाणसाप, तिच्या तोंडासमोरून सळसळत गेला. तिनं डोळे मिटले आणि वार करत राहिली.

पहिला तुकडा सुटला. पाण्यानं त्याला ओठावर आणलं, जरा अडवलं आणि खाली लोटलं. सांडवा एकदा खोकल्यासारखा वाजला.

काठावर कुणीतरी ओरडलं, "गेला खाली! गेला!"

तोंड सांडव्याकडे ठेवून ती हळूहळू मागं, तळ्याच्या अंगानं सरकत गेली. दुसरा तुकडा, तिसरा. प्रत्येक तुकड्यासरशी पाण्याची ओढ वाढत होती. हाताला रक्त आलेलं तिनं पाहिलं, पण दुखत नव्हतं. खाली पाळीच्या पायथ्याशी बायका कडब्याच्या पेंढ्या आणि माती पाझरावर दाबत होत्या. त्यांची हाकाहाक तिला लांबून आल्यासारखी ऐकू येत होती. मुंजाजी घोंगडं पांघरून काठावर आला होता. तापानं थरथरत, नाड्याला हात लावायची ताकद नसल्यानं तो नुसता बघत उभा होता.

"बायना, मागं ये!" तो एकाएकी ओरडला. "मागं फाटायलीय!"

तिनं वळून बघितलं. तिच्या मागं, तिनं हातही लावला नव्हता अशा जागी, गादीला आडवी भेग पडत होती. पुढचा सगळा तुकडा, तिच्यासकट, एकदम सुटत होता.

कवाड उभं झालं आणि ती पाण्यात गेली.

वर यायला तिनं हात मारला तर डोक्याला गादी लागली. पुढं मारला तर तिथंही गादी. खाली सगळा अंधार आणि तोंडावर, गळ्याभोवती मुळंच मुळं. दोन्ही नाडे ताठ होते, दोन बाजूंनी तिला ओढत होते. मग डावीकडचा नाडा एकाएकी ढिला पडला. बन्सीधरकडचा. उजवीकडच्या ओढीनं ती दगडाच्या भिंतीकडे फरफटत गेली आणि खांद्यात काहीतरी काडकन निखळलं. तिच्या तोंडातली हवा सुटली. ह्या पाण्यात आपण पोरपणापासून पोहलोय, हेच तिला त्या घडीला आठवलं, आणि त्याचा तिला भयंकर राग आला. तिनं दुसऱ्या, धड हातातला कोयता वरच्या दिशेनं घातला. घातला, ओढला, परत घातला.

डावा नाडा पुन्हा ताणला गेला. गादी फाटली. उजेड दिसला आणि त्याचबरोबर पाण्यानं तिला उचलून सांडव्याच्या ओठावर आणलं. तिचे पाय पलीकडे लटकले. सुटलेल्या गादीचे ढीग अंगावरून, डोक्यावरून जात होते, प्रत्येक ढीग तिला खाली लोटत होता. नाडे तेवढे धरून होते.

नंतर तिला समजलं ते असं. बन्सीधरकडचे गडी चिखलात घसरून एकावर एक पडले होते आणि परत उठून त्यांनी नाडा पकडला होता. मधल्या वेळात भुजंगनं आपल्याकडचा नाडा स्वतःच्या कमरेला गुंडाळला, सांडव्याच्या शेवटच्या दगडाला पाय रोवला, आणि सगळा भार अंगावर घेतला. मागचे गडी त्याला धरून होते. एक पाऊल जरी घसरला असता तरी तिच्याआधी तोच खाली गेला असता. तिला ओढून काठावर घेतलं तेव्हा त्याच्या कमरेची कातडी सोलली होती आणि तो ओकत होता.

ती चिखलात पडली होती. मुंजाजी तिच्या तोंडावरची मुळं काढत होता. त्याचे हात भट्टीसारखे गरम होते.

"ऐकू यायलंय का?" तो म्हणाला.

ऐकू येत होतं. सांडवा पहिल्यापेक्षा मोठ्यानं कोसळत होता. जमीन हादरत होती. जांभळी फुलं, गवत, ते बोरीचं झुडूप, भुजंगच्या घराचं कवाड, सगळं गरगरत ओढ्यातून नदीकडे चाललं होतं.

दुपार कलल्यावर पाळीवरचं पाणी हातभर उतरलं. पायथ्याचा पाझर पुन्हा नितळ झाला. तरीही त्या दिवशी टेकडीवरून घरी यायला कुणी धजलं नाही.

बायनाबाईचा खांदा सेलूच्या एका हाडवैद्यानं बसवला, पण तो हात पुढं कधी डोक्याच्या वर गेला नाही. भुजंगला आबासाहेबांनी कामावरून काढलं. "जागा सोड म्हणून आम्ही सांगितलं नव्हतं," एवढंच कारण दिलं. गावातल्या काहींनी बंगल्यावर जाऊन रदबदली केली, पण देशमुखांचा शब्द फिरला नाही. भुजंगही पुन्हा विचारायला गेला नाही. त्यानं बन्सीधरची जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यावर, धरली. दोघांचं फारसं पटलं असं नाही, पण पेरणी झाली.

उन्हाळ्यात तळं आटलं तसं सगळं गाव आत उतरलं. निलाजरी काठावर टाकायची नाही, लांब मुरमाड माळावर नेऊन पसरायची, असं ठरलं. बायका टोपल्या भरत, गडी गाड्या हाकत. बंगल्यावरून कुणी अडवायला आलं नाही. एका सकाळी आबासाहेब स्वतः छत्री घेऊन माळावर आले. सगळ्यांची कामं थांबली. त्यांनी वाळत घातलेल्या त्या काळ्या ढिगांकडे बराच वेळ बघितलं.

"ओली असताना पेटवू नका," ते म्हणाले. "धूर बागेवर येतो."

आणि निघून गेले. कुणीतरी फिसकन हसलं. बायनाबाईला हसू आलं नाही. म्हातारा पाठमोरा चालला होता तेव्हा त्याची छत्री किती फाटली आहे, हे तिला दिसलं होतं.

एवढं करूनही ती संपली नाही. पाऊस पडताच गाळातून हिरवे कोंब वर आले. म्हणून गावानं घरोघरची पाळी लावली. दर सोमवारी एका घरानं तळ्याला फेरी मारायची, दिसेल ते रोप उपटून माळावर न्यायचं. कंटाळा करणारी घरंही होती. बायनाबाई त्यांच्या दारात जाऊन उभी राही. काही बोलत नसे. तेवढ्यानं माणूस टोपली घेऊन निघे.

त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर नदीकाठच्या एका गावचा माणूस विचारत-विचारत तिच्या घरी आला. त्याच्या हातात एक देठ होता, फुगीर, हिरवागार, वर जांभळं फूल.

"आमच्या डोहात लय झालीय," तो म्हणाला. "गावची मानसं म्हनतेत, तुमच्याकडून आलीय."

बायनाबाईनं देठ हातात घेतला. त्या दिवशी एक-एक तुकडा पाण्यावरून खाली गेला तेव्हा काठावरची माणसं आनंदानं ओरडली होती. तीही मनात ओरडली होती. तो कुठं जातोय हे त्या घडीला कुणी बघितलं होतं?

"व्हय," ती म्हणाली. "आमच्याकडूनच आलीय."

माणूस जरा गडबडला. तो भांडायच्या तयारीनं आला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

ती उठली. कोयता कमरेला खोचला आणि भुजंगला हाक मारून घे, असं तिनं मुंजाजीला सांगितलं.

"तुव्हा हात धड हाय का?" मुंजाजी म्हणाला. "जाऊन काय करनार?"

"तोंड तं धड हाय," ती म्हणाली. "काठावर टाकू नका, एवढं सांगायला पुरं हाय."

दिवस चांगला वर आला होता. ती, भुजंग आणि तो माणूस, तिघं नदीची वाट चालू लागली.